कपिंगचे ते गोल जांभळे डाग नक्की काय सांगतात?

२०१६ चं रिओ ऑलिंपिक आठवत असेल तर अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सचे ते फोटो पण आठवतील, पूलच्या कडेला उभा आणि खांद्यावर, पाठीवर मोठमोठे जांभळे गोल. त्या आठवड्यात जगभरातल्या पेपरांना कपिंग, म्हणजे अंगावर कप लावून कातडी आत ओढून घ्यायचा उपचार, हे काय असतं ते लोकांना समजावून सांगावं लागलं. आता इतक्या वर्षांनी आपल्याकडे पण ते सगळीकडे दिसतं, फिजिओच्या क्लिनिकमध्ये, स्पामध्ये, जिममधल्या मित्राच्या पाठीवर, आणि ऑनलाइन तर प्लास्टिकच्या कपांचा अख्खा सेट पंपासकट घरपोच मिळतो. आणि जिथे कप तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, की डाग जितका काळा तितकी आतली घाण जास्त बाहेर आली. हा लेख मी मुख्यतः या एका वाक्यासाठी लिहितोय, कारण या वाक्यापायी लोक कप जास्त वेळ ठेवून घेतात, जास्त जोरात ओढून घेतात, आणि फोड आले तरी "चांगलं आहे, निघतंय" म्हणून गप्प बसतात. डाग म्हणजे काय हे नीट समजलं तर बाकीचं आपोआप समजतं. पण त्यासाठी आधी कप जिथे घरोघरी लागतो तिथे जायला लागेल, म्हणजे चीनमध्ये.

चीनमध्ये याला बा-ग्वान म्हणतात, म्हणजे साधारण "भांडं लावून ओढणं". तिथे ही काही स्पेशल ट्रीटमेंट वगैरे नाही. पारंपरिक औषधांच्या हॉस्पिटलमध्ये कप लावतात, गल्लीतल्या छोट्या मसाज सेंटरमध्ये लावतात, जुन्या पद्धतीच्या सार्वजनिक न्हाणीघरांत अंघोळीनंतर लावतात, आणि घरात आजी पण लावते. मान आखडली, कंबर धरली, थंडी वाजून अंग मोडून आलं की कप. "सुया टोचा, कप लावा, निम्मा आजार पळवा" अशा अर्थाची एक म्हणच आहे त्यांच्याकडे. उन्हाळ्याचे सगळ्यात कडक जे दिवस असतात, त्यांना ते सानफू म्हणतात, त्या दिवसांत हिवाळ्यातल्या दुखण्यांचा बंदोबस्त आधीच करून ठेवायचा म्हणून सुद्धा लोक कप लावून घ्यायला जातात.

सुरुवात मात्र काचेच्या कपाने झाली नाही, शिंगाने झाली. हुनान प्रांतात चांग्शा शहराजवळ मावांगदुई नावाची जागा आहे, तिथल्या थडग्यांचं उत्खनन १९७० च्या दशकात झालं आणि त्यातल्या एका थडग्यात, जे इसवी सन पूर्व १६८ मध्ये बंद केलेलं होतं, रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यातल्या बावन्न आजारांवरच्या उपायांच्या ग्रंथात मूळव्याधीसाठी लहान शिंग लावायला सांगितलंय. किती वेळ लावायचं? तर दोन मापं तांदूळ शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मला हे फार आवडतं, घड्याळ नसताना वेळ मोजायची किती सरळ पद्धत. शिंग काढल्यावर तो वर आलेला भाग बारीक दोरीने बांधायचा आणि सुरीने कापायचा. म्हणजे तेव्हा शिंग हे स्वतः उपचार नव्हतंच, ऑपरेशनच्या आधी भाग वर खेचून घ्यायचं साधन होतं. गळू, फोड यातला पू ओढून काढायला पण तेच वापरायचे. म्हणून या पद्धतीचं जुनं नाव पण शिंगावरूनच आहे.

पुढे चौथ्या शतकात गे होंग नावाचा वैद्य होऊन गेला. हाच तो, ज्याच्या तातडीच्या उपायांच्या ग्रंथातल्या एका नोंदीवरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाची वाट सापडली आणि २०१५ चं नोबेल मिळालं. तर या गे होंगने शिंगाबद्दल काय लिहून ठेवलंय, की अमुक अमुक प्रकारच्या गाठींना आणि कठीण गळवांना सुई किंवा शिंग लावू नका, लावलेल्यांपैकी क्वचितच कोणी संकटातून सुटतो. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची वॉर्निंग आहे ही! कुठे लावू नये हे ज्ञान पण इतकं जुनं आहे, आणि आज ऑनलाइन सेटबरोबर नेमकं तेवढंच येत नाही.

थांग राजवटीत राजदरबारच्या वैद्यक विभागात शिंग लावणं हा शिकवायचा स्वतंत्र विषय होता. त्याच काळात, आठव्या शतकात, वांग ताओच्या ग्रंथात बांबूचे कप पाण्यात उकळून गरम गरम लावायची पद्धत दिलीय. बांबू स्वस्त, हलका, सगळीकडे उगवतो, त्यामुळे शिंग मागे पडलं. मग मातीची भांडी आली, आणि १७६५ च्या सुमाराला झाओ श्युएमिनने आपल्या औषधकोशात "आगीच्या भांड्या"बद्दल लिहिलं, तोपर्यंत वापर पू काढण्यापासून सरकत सरकत सर्दी, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी इकडे आला होता. काच तर अगदी अलीकडची. काचेचा फायदा असा की आत कातडीचा रंग कसा बदलतोय ते लावणाऱ्याला दिसतं, बांबूच्या कपात नुसता अंदाज. विसाव्या शतकात चीन सरकारने पारंपरिक वैद्यकाची कॉलेजं काढली, १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि छंगदू इथे, आणि कपिंग ॲक्युपंक्चरच्या बरोबरीने अभ्यासक्रमात बसलं.

आता लावतात कसं. चिमट्यात कापसाचा बोळा धरायचा, तो अल्कोहोलमध्ये भिजवून पिळायचा, पेटवायचा, कपाच्या आत एक-दोन सेकंद फिरवायचा, बाहेर काढायचा आणि कप झटकन पाठीवर ठेवायचा. आग कातडीला लागत नाही, लागली तर लावणाऱ्याची चूक. कप ठेवल्याबरोबर कातडी टपकन फुगून आत येते.

इथे एक गैरसमज, शाळेतल्या प्रयोगामुळे झालेला, की आगीने आतला ऑक्सिजन संपतो म्हणून ओढ तयार होते. ऑक्सिजन जळतो हे खरंय पण त्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते, जागा रिकामी होत नाही. खरी गोष्ट उष्णतेची आहे. आतली हवा तापली, पसरली, थोडी बाहेर गेली. मग तोंड बंद झालं आणि उरलेली हवा थंड झाली, आतला दाब कमी झाला. गरमागरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं की थोड्या वेळाने ते झाकण काही केल्या उघडत नाही ना, तेच. समजा आतली हवा १०० डिग्रीपर्यंत तापली होती आणि ३० डिग्रीवर आली, तर दाब साधारण पाचव्या हिश्शाने कमी होईल (कातडी आत आल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी फरक). ऐकायला हे थोडं वाटतं पण हिशोब करून बघा, बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, पाच सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं तोंड सुमारे वीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाचव्या हिश्शाचा फरक पडला तरी तेवढ्याशा जागेवर चार किलोच्या आसपास जोर. पंपवाल्या कपात तर याहून जास्त जाता येतं, आणि पंपाला थांब म्हणणारं कोणी नसतं, आग निदान आपोआप एका मर्यादेत राहते. घरी वापरायला पंप सेफ कारण आग नाही असं सगळे म्हणतात, भाजण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे, पण जास्त ओढलं जाण्याचा धोका पंपातच जास्त.

प्रकार बरेच आहेत. कप लावून दहा-एक मिनिटं तसेच ठेवायचे हा सगळ्यात कॉमन. तेल लावून कप पाठीवर वरखाली सरकवायचा हा दुसरा, मोठ्या स्नायूंसाठी, याचे डाग गोल नसतात, लाल पट्टे उठतात. लावला-काढला-लावला असं पटापट करायचं हा नाजूक कातडीसाठी. औषधी काढ्यात उकळलेले बांबूचे कप. ॲक्युपंक्चरची सुई तशीच ठेवून वरून कप. आणि मग ओलं कपिंग, ज्यात कातडीला बारीक टोचे मारून त्यावर कप लावतात आणि रक्त येतं. याबद्दल पुढे बोलू, कारण कोरड्या आणि ओल्या कपिंगला एका नावाखाली टाकणंच मला चुकीचं वाटतं, एकात कातडी शाबूत असते आणि दुसऱ्यात जखम असते.

चिनी वैद्य हे सगळं कसं बघतो ते पण नीट सांगायला हवं, नाहीतर अर्धवट होईल. त्यांच्या मते शरीरात छी, म्हणजे प्राणासारखी एक चालना, आणि रक्त, ठराविक मार्गांनी वाहत असतं. वाहतंय तोवर दुखत नाही, अडलं की दुखतं, हे त्यांचं एक मूळ सूत्र. अडतं कशाने? तर बाहेरून वारा, थंडी, ओल अंगात शिरते म्हणून. (आपल्याकडे "वारं लागलं", "गारठा बसला" म्हणतात, ऐकणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही.) त्या मार्गांपैकी एक मोठा मार्ग, मूत्राशयाचा म्हणतात त्याला, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी पाठीवरून खाली जातो आणि त्यावर प्रत्येक आतल्या अवयवाचा एकेक बिंदू मानलाय. म्हणून कप बहुतेक वेळा पाठीवर दोन रांगांत लागलेले दिसतात, सर्दी-खोकल्यासाठी वरच्या पाठीवर फुफ्फुसाच्या बिंदूपाशी आणि मानेच्या खालचं जे मोठं हाड हाताला लागतं त्याच्या खाली. कप काढल्यावर लगेच अंघोळ नको, पंख्याखाली बसू नको, हे पण त्याच विचारातून, की आत्ता दारं उघडी आहेत, थंडी परत शिरेल.

आणि मग डाग वाचणं. गडद जांभळा डाग म्हणजे रक्त साचलंय. लालभडक म्हणजे उष्णता. फिकट राहिला म्हणजे कमजोरी. कपाच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर ओल. पण चांगला वैद्य नुसत्या डागावर काही ठरवत नाही, त्याआधी त्याने जीभ बघितलेली असते, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटांनी नाडी बघितलेली असते, झोप कशी, भूक कशी, घाम कधी येतो सगळं विचारलेलं असतं. कप हा त्या सगळ्यातला एक भाग. अशक्त माणसाला जोरात कप लावायचे नाहीत हे त्यांच्याच शास्त्रात आहे. "जितका काळा तितकं छान" हे त्या परंपरेतून सुद्धा सरळ सरळ निघत नाही, आणि या घाणीसाठी वापरतात तो टॉक्सिन (विषारी द्रव्य) हा शब्द तर नंतरच्या वेलनेसच्या बाजाराने चिकटवलाय.

हे मार्ग शरीर उघडून बघितलं तर दिसत नाहीत, छी मोजता येत नाही. मग डाग कशाचा?

कातडीखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कप ओढतो तेव्हा कातडी आणि तिच्या खालचे थर वर खेचले जातात, तिथे रक्ताची गर्दी होते, वाहिन्या फुगतात, आणि ओढ जास्त झाली की त्यातल्या काही फुटतात. रक्तपेशी बाहेर येऊन कातडीतच अडकतात. तोच डाग. मार लागून काळंनिळं होतं तसंच हे, फक्त इथे मारल्याऐवजी ओढलंय, त्यामुळे बऱ्याचदा हात लावला तरी फार दुखत नाही. पुढच्या दिवसांत शरीर तिथलं हिमोग्लोबिन तोडत जातं, त्यातून आधी हिरवट मग पिवळट रंगद्रव्य तयार होतं, म्हणून डाग रंग बदलत बदलत आठवडा-दोन आठवड्यांत जातो. म्हणजे बघा, काहीच बाहेर आलेलं नाही! जे होतं ते रक्त, आपलंच, चांगलं, आणि ते पण शरीराच्या आतच राहिलं आणि आतच विरघळलं. शरीराला नको असलेल्या गोष्टी काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, पाठीची कातडी नाही.

डाग किती गडद येणार हे कशावर ठरतं? किती जोराने ओढलं, किती वेळ ठेवलं, कातडी किती जाड, वाहिन्या किती नाजूक, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. एकाच माणसाला एकाच दिवशी डावीकडे पाच मिनिटं आणि उजवीकडे पंधरा मिनिटं कप लावला तर उजवा डाग काळा येईल, म्हणून उजव्या बाजूला घाण जास्त होती असं होत नाही ना. कपातले पाण्याचे थेंब पण बहुतेक वेळा जळालेल्या अल्कोहोलची वाफ किंवा कातडीचा घाम.

ओल्या कपिंगमध्ये कप उचलला की जेलीसारखा काळपट गोळा दाखवतात आणि सांगतात हे बघा खराब रक्त. कृपया हे लक्षात ठेवा, कुठलंही निरोगी रक्त शरीराबाहेर काही मिनिटं राहिलं की गोठतं, गोठलं की जेलीसारखं होतं आणि गडद दिसतं. लॅबमध्ये साध्या नळीत घेतलेलं रक्त पण असंच गोठतं. तो गोळा आजाराचा पुरावा नाही, रक्त गोठवण्याची यंत्रणा नीट चालू असल्याचा पुरावा आहे.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय, ज्यांना आराम पडला त्यांना वेड्यात काढणं हा अन्याय आहे. मसाज दाबतो, कप उचलतो. आखडलेल्या भागात ताण बदलतो, रक्त वाढतं, ऊब येते. शिवाय कातडीवरचे जोरदार संवेद मज्जारज्जूच्या पातळीवर दुखण्याचा निरोप थोडा अडवतात, मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला गेट कंट्रोलचा सिद्धांत हेच सांगतो, आपटलेला गुडघा आपण चोळतो तो यासाठीच. त्यात अर्धा तास पालथं झोपून राहणं, कोणीतरी लक्ष देऊन हात लावणं, आणि आता बरं वाटेल हा विश्वास, या सगळ्याचा मिळून परिणाम होतो.

प्रश्न असा की यातला कपाचा वाटा किती. हे तपासणं अवघड, कारण खोटी गोळी देता येते पण खोटा कप कसा देणार, डाग उठला नाही की पेशंटला कळतंच. त्यावर युक्ती म्हणून बारीक भोक पाडलेले कप काढले, लावताना ओढ वाटते पण हवा हळूहळू आत शिरते आणि ओढ सुटते. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर सतत दुखण्याचा आजार) १४१ रुग्णांवर असा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला, त्यात नेहमीच्या उपचारापेक्षा कपवाल्यांना जास्त बरं वाटलं पण खऱ्या आणि खोट्या कपात म्हणावा असा फरक निघाला नाही. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ९० जणांवर झालेला, २०२१ चा, त्याचंही उत्तर तसंच. दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये १३५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात नागीण, चेहऱ्याचा लकवा, मुरमं, मानेचा स्पाँडिलोसिस यात उपयोग असू शकेल असं आलं, पण त्याच लेखकांनी बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी आहे हे पण लिहिलं. माझं मत यावरून असं झालंय, की स्नायूंच्या दुखण्यात तात्पुरता आराम, हो, मिळू शकतो. बीपी, शुगर, थायरॉइड, वंध्यत्व, कॅन्सर यासाठी कोणी कप सुचवत असेल तर उठून घरी या.

ही गोष्ट एकट्या चीनची नाही हे पण सांगून टाकतो. ग्रीकांकडे होती, अरबी-इस्लामी परंपरेत हिजामा म्हणून आजही जोरात आहे आणि आपल्या शहरांत त्याची केंद्रं आहेत, पूर्व युरोपात आजी काचेचे छोटे कप लावायच्या. आणि सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, दुधी भोपळा आणि जळू सांगितलेत, शिंग तोंडाने ओढायचं आणि भोपळ्याच्या आत दिवा ठेवायचा, म्हणजे तीच आगीची युक्ती. तुंबडी लावणं जुन्या लोकांना माहीत होतंच. कोणी कोणाकडून घेतलं या वादात पडण्यात अर्थ नाही, पोकळ वस्तू आणि ओढ हे इतकं सोपं आहे की ठिकठिकाणी आपापलं सुचलं असणार.

आता धोके, इथे थांबून वाचा. भाजणं हा सगळ्यात जास्त होणारा अपघात, अल्कोहोल जास्त झालं, बोळा नीट पिळला नाही, थेंब पाठीवर पडला. दुसरं फोड, कप जास्त वेळ राहिला की पाण्याचे फोड येतात, आणि ते फुटले की इन्फेक्शनला वाट. तिसरं आपल्या सावळ्या कातडीचं, यावर कोणी बोलत नाही, की डाग जातो पण त्या जागी तपकिरी वण महिनोन् महिने राहू शकतो. सोरायसिस असेल तर जिथे कप लावला तिथेच नवीन चट्टे येऊ शकतात. ओल्या कपिंगमध्ये टोचायचं पातं किंवा कप दुसऱ्यावर वापरलेला असेल तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही हे सगळं आलं, आणि वारंवार केलं तर रक्त कमी होऊन ॲनिमिया, आपल्याकडच्या बायकांमध्ये तो आधीच इतका असताना.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील (अँजिओप्लास्टी झालेल्या बऱ्याच जणांना असतात आणि ते कप लावायला जाताना सांगायचं विसरतात), प्लेटलेट कमी असतील, पायात रक्ताची गाठ किंवा फुगलेल्या शिरा असतील, हाड मोडलेलं असेल, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल तर कप नको. गरोदरपणात पोट आणि कंबरेवर नको. डायबेटिसमुळे पायाची संवेदना गेलेल्यांना भाजलेलं कळतच नाही, त्यांनी तर नकोच. लहान मुलांना आणि कातडी कागदासारखी पातळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना नको. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर होतोय, लघवीवर ताबा राहत नाहीये, ताप आहे, वजन उतरतंय, असं काही असेल तर कपाच्या नादात एक दिवस पण घालवू नका, आधी डॉक्टर.

एवढं सगळं बघून सुद्धा करून बघायचं असेल, मान-पाठ नुसती आखडली आहे म्हणून, तर शिकलेल्या माणसाकडून कोरडं कपिंग करून घ्या, पहिल्या वेळी पाच मिनिटंच, ओढ बेताची, टोचल्यासारखं किंवा जळजळ झाली की लगेच काढायला सांगा, सहन करायची काही गरज नाही. कप आधी कशाने धुतले ते विचारा. मणक्याच्या हाडावर, मानेच्या पुढच्या बाजूला, तीळ किंवा चामखीळ असलेल्या जागी लावू देऊ नका. एकदा लावलेल्या जागी डाग पूर्ण जाईपर्यंत परत कप नको. आणि काढल्यावर डाग अगदी फिकट गुलाबी आला, तासाभरात गेला सुद्धा, तर पैसे वाया गेले असं समजून पुढच्या वेळी जास्त ओढायला सांगू नका, तेवढी ओढ पुरेशी आहे.